जुन्या फिल्मचा नवा खटला

मालिकांच्या धंद्यात ‘बँक’ हा शब्द जपून उच्चारतात. बँक म्हणजे शूट झालेले, एडिट झालेले, टेलिकास्टची वाट बघत पडलेले भाग. बँकेत सहा भाग असले की निर्माता सेटवर सगळ्यांसाठी वडापाव मागवतो. दोन उरले की फोन उचलत नाही. आणि एकही उरला नाही की रात्री साडेअकराला एडिटरचा फोन वाजतो : ‘काहीतरी जुळव रे.’

असे भाग मीही जुळवलेत. एकदा नायिकेला डेंगी झाला. तिच्याच साडीत दुसरी मुलगी देवघरासमोर पाठमोरी बसवली, समईच्या ज्योतीवर कॅमेरा नेला आणि नायिकेला ‘सगळं आठवू’ लागलं. बावीस मिनिटांच्या भागात चौदा मिनिटं जुनं फुटेज. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जेवताना विचारलं, ‘काल काही झालंच नाही का हो?’ घास तसाच हातात राहिला.

म्हणूनच ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानाच्या गोष्टींच्या मूळ अमेरिकी मालिकेतला ‘द मेनॅजरी’ हा दोन भागांचा एपिसोड मी पुन्हापुन्हा काढून बघतो. तोही जुळवलेलाच आहे. तिथेही भाग कमी पडत होते, तिथेही कपाटातलं जुनं फुटेज काढलं. पण त्या जुळवाजुळवीला १९६७ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि तोही याच मालिकेचे आणखी दोन भाग स्पर्धेत असताना. आमच्या समईला कोणी पुरस्कार दिला नाही. फरक कुठे पडला, हे बघण्यासाठी हे प्रकरण उलगडून ठेवतोय.

परिस्थिती अशी होती. ‘स्टार ट्रेक’ एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली. दर गुरुवारी एक भाग. निर्मिती डेसिलू स्टुडिओची, म्हणजे ल्यूसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांनी उभारलेल्या कंपनीची. शूटिंग कसंबसं वेळेत उरकायचं, घोडं अडायचं ते पुढे. अंतराळात जाणारं यान, फेझर नावाच्या बंदुकीची किरणं, माणूस चमचमत विरघळतो आणि दुसरीकडे उमटतो तो ट्रान्सपोर्टर, यातलं काहीही सेटवर घडत नव्हतं. प्रत्येक शॉट बाहेरच्या ऑप्टिकल कंपनीकडे जायचा, फिल्मवर फिल्म चढवून छापला जायचा, लॅबमधून धुऊन यायचा आणि चुकला की परत जायचा. आज हे काम संगणकावर दुपारी बसून संध्याकाळी होतं. तेव्हा आठवडे लागायचे. शूट झालेले भाग अर्धवट पडून होते आणि गुरुवार काही थांबत नव्हता.

अशा वेळी कपाट उघडतात. डेसिलूच्या कपाटात एक मौल्यवान डबा होता. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९६४ च्या अखेरीस ‘द केज’ नावाचा पहिला पायलट, म्हणजे मालिका विकायला केलेला नमुना भाग, केला होता. दिग्दर्शक रॉबर्ट बटलर. खर्च सहा लाख डॉलरहून जास्त, म्हणजे पुढे मालिकेचा एकेक भाग ज्या पैशात व्हायचा त्याच्या तिपटीच्या घरात. एनबीसीने तो बघून नाकारला. फार डोक्याला ताण देणारा आहे, असं कारण सांगितल्याची कथा तेव्हापासून फिरते आहे. पण त्यांनी दार लावून घेतलं नाही, दुसरा पायलट मागितला. ही त्या काळी अगदी दुर्मिळ गोष्ट. पहिल्या पायलटचा नायक जेफ्री हंटर पुन्हा यायला तयार नव्हता, म्हणून कॅप्टनच्या खुर्चीत कर्क म्हणून विल्यम शॅटनर आला. बाकीचे चेहरेही बदलले. टिकला एकच, टोकदार कानांचा स्पॉक, म्हणजे लिओनार्ड निमॉय.

तर हाताशी तासाभराची फिल्म होती. प्रेक्षकांनी न पाहिलेली, पैसे आधीच खर्च झालेली. निर्मात्याच्या दृष्टीने सोनं. एडिटरच्या दृष्टीने डोकेदुखी. कॅप्टन वेगळा, कर्क नव्हे, क्रिस्टोफर पाइक. डॉक्टर वेगळा. दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक बाई, जिला नावच नाही, सगळे ‘नंबर वन’ म्हणतात. गणवेश फिकट आणि गळाबंद, यानाचा ब्रिज, म्हणजे यान चालवायची खोली, करडा. मालिकेत तोवर सगळं लाल-पिवळं झालं होतं, कारण रंगीत टीव्ही विकायचे होते. (दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी मालिका लागायची तेव्हा आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. लाल शर्ट कुठला आणि पिवळा कुठला, हे मला कित्येक वर्षांनी कळलं.)

आणखी एक लोचा. ‘नंबर वन’ करणारी मेजल बॅरेट आता मालिकेत सोनेरी केसांची नर्स चॅपल होती. त्यावर उपाय म्हणून ‘द मेनॅजरी’च्या श्रेयनामावलीत तिच्या नावाऐवजी ‘एम. ली ह्युडेक’ असं घातलं. ते तिचं माहेरचं नाव. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे नव्या शूटिंगसाठी हंटर मिळणार नव्हता. ज्याच्याभोवती अख्खं जुनं फुटेज फिरतं तोच गायब.

सरळ मार्ग होता. कर्क आणि स्पॉक कॉफी घेत बसले आहेत, कर्क म्हणतो, ‘तू आधीच्या कॅप्टनबरोबर होतास ना? सांग की काहीतरी.’ स्पॉक खिडकीबाहेर बघतो, पडदा धूसर होतो. हीच आमची समई. यात जुन्या फुटेजचं काम फक्त वेळ भरण्याचं. ते दिसलं काय, न दिसलं काय, कॉफी पिणाऱ्यांच्या आयुष्यात काही हलत नाही.

रॉडनबेरींनी जी चौकट उभी केली तिच्यात जुनी फिल्म बघणं हाच जिवावरचा प्रश्न आहे. यान स्टारबेस ११ या अंतराळतळावर पोहोचतं. स्पॉक सांगतो, पाइककडून बोलावणं आलं. तिथला कमोडोर मेंडेझ म्हणतो, अशक्य. पाइक एका जुन्या प्रशिक्षण यानावर अपघातात सापडलाय, पोरांना बाहेर काढताना किरणोत्सर्गात भाजलाय. आता तो एका यंत्रखुर्चीत आहे. बोलता येत नाही, हात हलत नाही. खुर्चीवरचा दिवा एकदा लागला तर ‘हो’, दोनदा लागला तर ‘नाही’. आणि मग स्पॉक, म्हणजे खोटं न बोलणारा म्हणून प्रसिद्ध असलेला स्पॉक, खोटे आदेश तयार करतो, पाइकला पळवतो, यान चोरतो आणि टेलोस ४ या ग्रहाकडे लावतो. तिथे जाण्यावर बंदी आहे, जनरल ऑर्डर ७. आरमारात देहदंडाची शिक्षा उरली आहे ती एवढ्या एकाच गुन्ह्याला.

कर्क आणि मेंडेझ छोट्या शटलमधून पाठलाग करतात, इंधन संपेस्तोवर. स्पॉक त्यांना यानावर घेतो आणि स्वतःला अटक करवून घेतो. कोर्ट मार्शल भरतं. स्पॉक गुन्हा कबूल करतो आणि पुरावा सादर करायची परवानगी मागतो. पडदा उजळतो. पडद्यावर ‘द केज’.

एडिटर म्हणून माझा हात इथे कपाळाला सलाम करायला जातो. कोर्ट ही अशी जागा आहे जिथे बसून बघणं हेच काम असतं. न्यायाधीशाला पुरावा कंटाळवाणा वाटला तरी उठून जाता येत नाही, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. शिवाय कोर्टात मध्येच थांबवता येतं. जिथे जुनं फुटेज रेंगाळतं तिथे मेंडेझ हरकत घेतो. जिथे जाहिरातीसाठी तोडायचं तिथे पडदा आपोआप बंद होतो, कारण पाइक थकलाय आणि दृश्यं पाठवणाऱ्यांना (कोण, ते पुढे येईल) ते कळलंय. प्रत्येक सांध्याला कथेतलंच कारण.

आरोपी स्पॉकच का, हेही बघण्यासारखं. जुन्या आणि नव्या फिल्ममध्ये समान असलेला नट एकच, निमॉय. त्याच्याशिवाय कोणी जुन्या गोष्टीशी बांधलेला असूच शकत नव्हता. म्हणजे नटांच्या उपलब्धतेचा तक्ता बघूनच पात्राचा हेतू ठरला : अकरा वर्षं, चार महिने, पाच दिवस पाइकच्या हाताखाली काढलेला माणूस, निष्ठा फेडायला निघालेला. पडद्यावर ते असं दिसतं की जणू पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

आणि जी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. जुनं फुटेज सिनेमासारखं शूट केलेलं आहे. क्लोज-अप आहेत, पाइक एकटा असताना त्याच्या केबिनमधले शॉट आहेत. कोर्टातला पुरावा असा असेल का? यानाच्या कॅमेऱ्याने असं कसं टिपलं? प्रेक्षकाच्या मनात हा प्रश्न उठायच्या आत कर्क उठतो. इतकी बारीक, इतकी चोख नोंद कुठलंच यान ठेवत नाही, आपण बघतोय ते नेमकं काय, असं तो विचारतो. स्पॉक म्हणतो, आत्ता सांगता येणार नाही. पुढे कळतं की ही दृश्यं थेट टेलोस ४ वरून येताहेत. म्हणजे जे भोक ठिगळ लावून झाकायचं, ते त्यांनी मोठं करून गोष्टीचं दार केलं. मी असतो तर फुटेजवर एक निळसर फिल्टर टाकून, कोपऱ्यात तारीख लावून गप्प बसलो असतो.

जुन्या फुटेजमधली गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर शेवट उभा आहे. तेरा वर्षांपूर्वी पाइक दमलेला आहे, नोकरी सोडायच्या विचारात आहे. अठरा वर्षांपूर्वी कोसळलेल्या एका यानाचा संदेश येतो. टेलोस ४ वर वाचलेले शास्त्रज्ञ भेटतात, त्यांच्यात व्हिना नावाची सुंदर मुलगी. सगळं आभास. खरे रहिवासी जमिनीखाली राहतात, डोकी मोठी, शरीरं बारकी. दुसऱ्याच्या मनात शिरून हवं ते दाखवू शकतात. तेच बघत बसायची त्यांना इतकी चटक लागलीय की ते यंत्रं दुरुस्त करायलाही विसरलेत. त्यांना पाइक आणि व्हिना पिंजऱ्यात ठेवून माणसांची पैदास करायची आहे. पाइक बधत नाही. शेवटी सुटका होते तेव्हा व्हिना यायला नकार देते. अपघातात ती छिन्नविच्छिन्न झाली होती. त्यांनी तिला जोडलं, पण त्यांनी माणूस कधी पाहिलाच नव्हता, कसं जोडायचं ते ठाऊक नव्हतं. तिचं सौंदर्यही आभासच.

एका आभासात व्हिना हिरव्या कातडीची नर्तकी होते. त्या मेकअपच्या चाचणीचा किस्सा लॅबमध्ये काम केलेल्या कोणालाही पटेल. हिरवा रंग लावून चाचणी शूट केली, फिल्म धुऊन आली तर कातडी नेहमीच्या रंगाची. आणखी गडद हिरवा लावला, पुन्हा तेच. लॅबवाल्याला वाटत होतं रंग बिघडलाय, तो इमानाने दुरुस्त करत बसला होता.

आता शेवटचा शॉट. ‘द केज’मध्ये पाइक निघताना व्हिना खडकातल्या लिफ्टकडे जाते आणि तिच्याबरोबर एक पाइक असतो. तो तिला दिलेला आभास. खरा पाइक हे उभ्या उभ्या बघतो. टेलोसवासीयांचा प्रमुख, ज्याला ‘कीपर’ म्हणतात, पाइकला सांगतो की तिच्याजवळ आभास आहे, तुझ्याजवळ वास्तव, तुझी वाटही तितकीच सुखाची होवो.

‘द मेनॅजरी’त हाच शॉट आहे. पण आता खुर्चीतला पाइक ग्रहावर उतरलाय. कर्कने त्याला विचारलंय, तुला हेच हवंय का? दिवा एकदा लागलाय. पडद्यावर कर्क बघतो की धडधाकट, तरुण पाइक व्हिनाचा हात धरून खडकाकडे चाललाय. फ्रेम तीच, चाल तीच. कीपरच्या वाक्यात ‘तिच्याजवळ’च्या जागी ‘कॅप्टन पाइकजवळ’ आलं, एवढंच. पहिल्या फिल्ममध्ये तो शॉट व्हिनाच्या एकटेपणाचा होता, कारण तिच्या शेजारचा पाइक खोटा. दुसऱ्या फिल्ममध्ये दोघंही खरे आहेत आणि दोघांची शरीरं खोटी. १९६४ मध्ये लेन्ससमोर चालणाऱ्या जेफ्री हंटरला आपण काय शूट करतोय याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

हंटर नसण्यावरचा उपायही यातच बसतो. त्याच्या जागी शॉन केनी हा नट खुर्चीत बसवला. चेहरा भाजल्याच्या मेकअपखाली, केस पांढरे. नट वेगळा दिसतो हे लपवायला पात्र जखमी केलं आणि ती जखमच गोष्टीचं कारण झाली. स्पॉक इतका धोका का पत्करतो? कारण पाइकला तिथे पुन्हा शरीर मिळेल.

मात्र एक गोष्ट मला प्रत्येक वेळी टोचते. स्टारबेसवर स्पॉक पाइकला बेत सांगतो तेव्हा दिवा दोनदा लागतो, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा. ‘नाही, नाही, नाही.’ स्पॉक ऐकत नाही. एपिसोड आपल्याला समजावतो की पाइक स्पॉकच्या जिवासाठी नकार देतोय. असेलही. पण ज्या माणसाजवळ दोनच शब्द उरलेत त्यातला एक असा बाजूला सारला, आणि सगळे ते विसरले. मन शाबूत असलेल्या त्या माणसासमोर एखादी बाराखडी का नाही धरली कोणी? तारे ओलांडणाऱ्या लोकांना एक पाटी सुचू नये.

दोषही मोजून घ्यावेत. पहिला भाग घट्ट आहे. त्याचा शेवट तर शिकवण्यासारखा. दृश्यं टेलोस ४ वरून येताहेत हे कळल्यावर वरून आदेश येतो, कर्कचा अधिकार काढला जातो, आणि स्पॉक, जो कधी काही मागत नाही, तो उरलेलं बघायची विनवणी करतो. कर्क म्हणतो, याला कोठडीत टाका. पुढच्या गुरुवारपर्यंत अमेरिका लटकलेली. दुसऱ्या भागात मात्र चौकट सैल पडते. तो बहुतांश ‘द केज’च आहे, कोर्ट अधूनमधून खाकरतं. आणि मग उलगडतं की यानावरचा मेंडेझ हाही टेलोसवासीयांनी पाठवलेला आभास होता, खरा स्टारबेसवरच बसलाय. म्हणजे कोर्टच खोटं. कर्कला यानाचा ताबा परत घेण्यापासून गुंतवून ठेवायला केलेला देखावा. चतुर आहे, पण ज्या खटल्याने आपल्याला खुर्चीला बांधून ठेवलं तो नव्हताच म्हटल्यावर थोडं फसवल्यासारखं वाटतं. देहदंडाचा बागुलबुवाही एका संदेशात विरतो.

यात एक गंमत दडलीय. कीपरची भूमिका मेग वाइली या बाईंनी केली होती आणि आवाज मॅलकाय थ्रोन यांचा होता. दोन वर्षांनी मेंडेझ म्हणून उभे राहिले ते हेच थ्रोन. ओळखू येऊ नये म्हणून कीपरचा आवाज यंत्रावर बदलला. म्हणजे कीपरने निर्माण केलेला मेंडेझ कीपरच्याच आवाजात बोलत होता! हे कोणी ठरवून केलेलं नाही. म्हणून तर मजा.

स्पॉकचं हसूही तसंच सोडून दिलंय. जुन्या फुटेजमध्ये गाणारी निळी पानं हातात धरून तो चक्क हसतो, आणि ब्रिजवर ओरडून बोलतो. १९६४ मध्ये थंडपणा ‘नंबर वन’ला दिला होता. ती गेल्यावर तो स्पॉककडे आला. १९६६ च्या कोर्टात यावर कोणी ब्र काढत नाही. बरोबर केलं. प्रत्येक सुरकुतीला इस्त्री करायला गेलं की कापड जळतं.

हिशोबाने बघितलं तर सौदा झकास झाला. नवं शूटिंग मार्क डॅनियल्स यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये केलं, साधारण एका भागाला लागतो तेवढ्या वेळात. भाग मिळाले दोन. पहिला १७ नोव्हेंबरला गेला, दुसरा २४ ला. शूटिंग ते टेलिकास्ट जेमतेम महिना. त्या मूळ मालिकेत दोन भागांची गोष्ट पुन्हा कधीच झाली नाही.

किंमत मोजली ती इतरांनी. चौकटीची आधीची संहिता जॉन डी. एफ. ब्लॅक यांनी लिहिली होती. रॉडनबेरींनी ती नव्याने लिहिली आणि श्रेय एकट्याच्या नावावर राहिलं. ब्लॅक लेखकांच्या संघटनेकडे गेले, निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. आणि दुसरी किंमत फिल्मची. ‘द मेनॅजरी’ करायला ‘द केज’ची मूळ रंगीत निगेटिव्हच कापली. गरज पडली तर आईचा शालू फाडून मुलीचं परकर-पोलकं शिवतात, तसं. शालू गेला. पुढची वीस वर्षं अख्खा ‘द केज’ फक्त रॉडनबेरींजवळच्या १६ मिलिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये उरला होता. १९८६ मध्ये त्याची व्हिडिओ कॅसेट काढली ती गोधडीसारखी, ‘द मेनॅजरी’तले तुकडे रंगीत आणि मधले काळे-पांढरे. पिंजऱ्यातला पाइक रंगीत दिसतो, आणि पुढच्या शॉटला जग राखाडी होतं.

१९८७ मध्ये हॉलिवूडमधल्या एका लॅबमध्ये बॉब फर्मानेक या फिल्म-संग्राहकाला ते कापून टाकलेले रंगीत तुकडे सापडले. आम्ही ज्याला ‘ट्रिम’ म्हणतो आणि महिन्याभराने हार्ड डिस्कवरून पुसतो, ते. जोडून संपूर्ण रंगीत ‘द केज’ तयार झाला आणि ४ ऑक्टोबर १९८८ ला टीव्हीवर दाखवला गेला. तेव्हा हॉलिवूडमध्ये लेखकांचा संप नुकताच संपला होता, ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेचे भाग तयार नव्हते. बँक पुन्हा रिकामी होती.